न विचारलेला दोष

ब्रिटनमध्ये वापरलेले मोटरहोम व्यापाऱ्याकडून न घेता थेट मालकाकडून घेतले, तर पैसे वाचतात. पण कायद्याचे बरेचसे संरक्षणही हातचे जाते. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यातली समाधानकारक दर्जाची हमी विकणारा व्यापारी असेल तरच लागू होते. घरगुती मालकाबाबत खरेदीदाराला एवढाच आधार उरतो : गाडी विकायचा त्याला अधिकार हवा, ती त्याने केलेल्या वर्णनाबरहुकूम हवी आणि त्याने खोटे सांगितलेले नसावे. म्हणजे तो जे बोलला त्याला तो बांधील, जे बोललाच नाही त्याला नाही. कायद्याने मोकळ्या सोडलेल्या या जागेत एक जुना नैतिक प्रश्न उभा आहे. आपल्याला ठाऊक असलेला दोष समोरच्याने विचारला नाही म्हणून न सांगणे, ही फसवणूक आहे का? माझे उत्तर सरसकट ‘हो’ नाही. पाहणाऱ्याला दिसू शकतो तो दोष शोधणे हे पाहणाऱ्याचेच काम. पण कितीही निगुतीने पाहूनही जो सापडणार नाही आणि विकणाऱ्याला मात्र पक्का माहीत आहे, त्याबद्दलचे मौन हे असत्यच आहे.

ही सीमा कुठे पडते ते गाडी तपासायला घेतली की कळते. टायरच्या कडेवरचे चार आकडे तो कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनला ते सांगतात. मोटरहोम वर्षातले बरेच महिने उभेच असते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत आणि रबर मात्र जुने, असे सर्रास घडते. वार्षिक एमओटी चाचणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. नोंदणीपत्रावरचे नाव हा मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून गाडीवर कर्ज बाकी आहे का ते वेगळे पाहावे लागते. 1 जानेवारी 1997 पासून पुढे मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला साध्या परवान्यावर 3,500 किलोपर्यंतचेच डिझेल मोटरहोम चालवता येते. आधीच्या मालकाने चांदवा, सायकलींचा स्टँड, सोलर पॅनल बसवले असतील, तर माणसांसाठी आणि सामानासाठी किती वजन उरले ते वजनकाट्यावरच कळते. इंजिन गार असताना सुरू करून पाहावे, हीटर आणि फ्रिज गॅसवर चालवून पाहावेत. यातले काही पाहायचे राहून गेले, तर बोल खरेदीदारालाच. ओल मात्र निराळी. अशा अनेक गाड्यांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लासचे आवरण चढवून केलेल्या असतात. खिडकीच्या किंवा छताच्या सांध्यातले सील सुटले की पाणी भिंतीच्या पोटात उतरते. लाकूड आतून कुजत राहते आणि दिसणारी बाजू बराच काळ स्वच्छ, कोरडी राहते. ओल मोजायचे यंत्र टेकवून पाहतात. साधारण 15 टक्क्यांपर्यंत ठीक, 20 च्या पुढे काळजी, असा ठोकताळा आहे. पण कोरड्या उन्हाळ्यानंतर, किंवा आतून नवा बोर्ड ठोकलेला असेल तर, यंत्रही चकते. पाणी कुठून शिरले होते आणि किती हिवाळे मुरत होते, हे त्या छताखाली झोपलेल्या माणसालाच ठाऊक.

सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात असेच एक घर विकायला निघाले आहे. घर रोगट आहे, त्याचे लाकूड निकृष्ट आहे आणि हे मालकाखेरीज कुणालाच माहीत नाही. बॅबिलोनचा डायोजेनिस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर, दोघेही स्टोइक, इथे एकमेकांविरुद्ध उभे राहतात. गुरू म्हणतो, घ्यायची सक्ती कोणी केली होती? न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. शिष्य म्हणतो, जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीच्या वाटेने जाऊ देणे हा अपराधच आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. त्याच्या मते सगळेच न सांगणे हे लपवणे नव्हे. पण ज्याला ते कळण्याने फायदा होणार आहे, त्याला स्वतःच्या लाभासाठी अंधारात ठेवणे हे नक्कीच लपवणे. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने जवळजवळ हीच रेघ ओढली : उघड दोष सांगायलाच हवा असे नाही, पण हानी किंवा धोका करणारा छुपा दोष सांगितलाच पाहिजे. आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीने मालाच्या स्वभावाप्रमाणे परीक्षेची मुदत ठरवून दिली : लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. बैल बाजारात धडधाकट दिसतो, तो लंगडतो की नाही ते जुंपल्यावर समजते, याची ती कबुली आहे. मोटरहोमची भिंत तर एका पावसाळी हिवाळ्याशिवाय काहीच सांगत नाही, आणि एवढी मुदत कोणताच मालक देणार नाही. म्हणून मुदतीची जागा त्याच्या शब्दाने भरून काढायला हवी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की जोखीम किमतीतच धरलेली असते. मालकाकडून स्वस्त घेतले, त्यात मौनाचेही मोल आले. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन या युक्तिवादाची दुसरी बाजू दाखवली. चांगली आणि वाईट गाडी खरेदीदाराला ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना मधलाच भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकायला तयार होत नाही आणि बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. म्हणजे मौनाची किंमत फक्त फसलेला खरेदीदार देत नाही, ज्याने आपले छत निगेने राखले तो शेजारचा प्रामाणिक मालकही देतो. दुसरा आक्षेप, घरगुती माणूस काही तज्ज्ञ नसतो. खरे आहे, आणि त्याच्याकडून तज्ज्ञाचे ज्ञान मागणे अन्याय होईल. जे त्याला माहीत आहे तेवढेच सांगायचे आहे. फेब्रुवारीत पलंगाशेजारची भिंत मऊ लागली होती, हे सांगायला सुतार असावे लागत नाही.

मौनाहून घातक असते ते शब्दशः खरे पण दिशाभूल करणारे वाक्य. ‘या उन्हाळ्यात एक थेंबही आत आला नाही’ हे खरे असू शकते आणि तरीही तेवढ्यापुरतेच. महाभारतात युधिष्ठिर अश्वत्थामा नावाच्या हत्तीच्या आडून द्रोणांना फसवतो, आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. शब्द खरा होता की नाही एवढ्यावर आपल्या परंपरेने त्याला सोडले नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरवले, ते पाहिले.

आपला 1872 चा करार कायदा मात्र सावध आहे. त्याच्या 17 व्या कलमातल्या दाखल्यात सदोष घोडा लिलावात गप्प राहून विकणे ही फसवणूक ठरत नाही. पण खरेदीदार जर म्हणाला, ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरीन’, आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर तेच मौन बोलण्यासारखे धरले जाते. मला हा दाखला मोलाचा वाटतो, कारण प्रश्न विचारला की गप्प राहण्याची सोय संपते हे त्यात मान्य केले आहे. ब्रिटनमध्येही विचारलेल्या प्रश्नाला दिलेले खोटे उत्तर मालकाला कायद्याने बांधते. तेव्हा गाडी पाहायला जाण्याआधी मालकाला लेखी विचारा : पाणी कधी शिरले होते का, कुठून, आणि दुरुस्ती कोणी केली? लेखी उत्तर द्यायला जो तयार नाही, त्याची गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.