दोह्याचा एक गुण

मनमाडहून पंचवटी एक्सप्रेसने निघालेल्यांनाही आणि घरी चहा घेणाऱ्यांनाही आज एका बरोबरीची आठवण सांगायची आहे.

10 सप्टेंबर 2019, दोहा. फुटबॉल विश्वचषकाची पात्रता फेरी, भारताचा सामना. समोर कतार, त्याच वर्षी जपानला 3-1 ने हरवून आशिया चषक जिंकलेला. आपण पाचच दिवसांपूर्वी गुवाहाटीत ओमानकडून हरलेलो, त्यात आपला हुकमी गोल करणारा सुनील छेत्री आजारी. कतारने हल्ल्यांमागून हल्ले केले. कर्णधार गुरप्रीत सिंग संधू गोलजाळ्यासमोर उभा राहिला तो राहिलाच. बचावात मुंबईचा राहुल भेके, गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई. 0-0!

गॅलरीत आखातात राबणारे आपले शेकडो लोक होते. परक्या मुलखात, दिवसभराच्या कामानंतर ते गळा फाटेपर्यंत ओरडले. गोल एकही नाही, तरी डोळे भरून आले. त्यांचा तो आनंद मला कुठल्याही विजयाइतकाच मोलाचा वाटतो.

पुढच्या महिन्यात कोलकात्यात बांगलादेशाशी 1-1 झाली. आदिलने अखेरच्या मिनिटांत बरोबरी साधून दिली. गुण तेवढाच, एक. पण खचाखच भरलेलं सॉल्ट लेक स्टेडियम त्या रात्री हिरमुसून घरी गेलं.