काउंटरमागची अदब

ग्रंथालयातल्या बाईने वाचकाशी अदबीने वागावे हे सर्वांना मान्य आहे. पण ती अदब कुठे संपावी? आमच्या भायखळा-मदनपुरा भागात दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे राहतात. अशा घरांतल्या मुलींना कॉलेजचे ग्रंथालय हीच अभ्यासाची खोली. ते संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असावे असा आम्हा शिक्षकांचा आग्रह असतो. तेव्हा काउंटरवर बहुधा एखादी तरुण असिस्टंट एकटी असते.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांत ग्रंथ आहे, वाचक आहे, वाचकाचा वेळसुद्धा आहे. ग्रंथ हातात देणारी व्यक्ती नाही. रंगनाथनांना दोष द्यायचा नाही, पण ही उणीव सवयीत उतरली आहे. वाचक मुद्दाम वरच्या फळीवरचे पुस्तक मागतो, बाई शिडीवर चढली की खाली उभा राहतो. कपाटांमधल्या अरुंद बोळात वाट अडवतो. ड्युटी कधी सुटते ते विचारतो. बाई चिडली तर उत्तर तयार : पुस्तकच तर मागितले! शिवाय भिंतीवर पाटी आहे, 'शांतता राखा'. आवाज चढवला की नियम तिनेच मोडला.

हे दुखणे जुने आहे. आपल्या उर्दूला ८९१.४३९ आणि मराठीला ८९१.४६ हा आकडा देणारी दशांश पद्धत मेल्विल ड्युईने १८७६ साली काढली. १९०५ च्या एका सहलीत त्याने ग्रंथपाल स्त्रियांशी लगट केल्याच्या तक्रारी झाल्या आणि पुढच्या वर्षी ज्या अमेरिकन ग्रंथालय संघटनेचा तो संस्थापक, तिच्यातून त्याला बाजूला व्हावे लागले. तरी त्याच्या नावाचे पदक चालूच राहिले. ते नाव काढायला २०१९ साल उजाडले. आकडे वापरावेत, त्यात काही पाप नाही. पण माणूस विद्वान आहे म्हणून त्याचे वागणे पोटात घालायचे, ही रीत आमच्याही कॉलेजांत आहे.

'मुलाचे करिअर बिघडेल, माफ करून टाका' असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. अपमान तिचा आणि माफी मात्र प्राचार्यांच्या केबिनमध्ये परस्पर दिली जाते, हा कुठला न्याय? घरचे लोक आणखी सोपा उपाय काढतात : नोकरी सोड. म्हणजे छळणारा वाचक राहतो आणि पुस्तक देणारी जाते.

१९९७ च्या विशाखा निकालाची अंमलबजावणी होत नाही, असे पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून कळवले. त्या पत्राचीच याचिका झाली आणि २०१२ साली निकाल लागला. २०१३ चा कायदा कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही संरक्षण देण्याची जबाबदारी मालकावर टाकतो. म्हणजे वाचक त्यात आलाच. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात.

आता अकरा महिन्यांच्या करारावरची असिस्टंट घ्या. छेड दहाव्या महिन्यात झाली. करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे ठरवणारे साहेब आणि समिती नेमणारे साहेब एकच. तिने अर्ज कधी द्यावा?