न दिसलेली चूक

जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कसं कळतं? न्याय किंवा मीमांसा ही दर्शनं शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न भेटतो. जी वस्तू नाहीच, तिच्याशी डोळ्यांचा संबंध येणार कुठून? तरी ती नाही, हे आपण ठामपणे सांगतो. कुमारिलभट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणं, हे ज्ञानाचं वेगळं साधन, वेगळं प्रमाण मानलं. नैयायिकांनी तिला प्रत्यक्षाची मदतनीस ठरवलं. या वादात पानंच्या पानं गेली आहेत. पण एका अटीवर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. घट इथे असता तर दिसलाच असता, एवढी तजवीज आधी झालेली हवी. उजेड हवा, डोळे निरोगी हवेत, मध्ये आडोसा नको. अंधाऱ्या खोलीत चाचपून आलेला माणूस ‘घट नाही’ म्हणाला, तर त्याला अभावाचं ज्ञान झालेलं नाही. त्याला घट दिसलेला नाही, एवढंच खरं आहे.

संस्कृत घेऊन एम. ए. केलं तेव्हा ही अट मी पाठ केली होती. तिचं वजन कळलं ते आमच्या नागपूरच्या दुकानात. धाकटा भाऊ आणि मी मिळून व्हिडिओ एडिटिंगवाले, आर्किटेक्ट, अ‍ॅनिमेशनवाले यांच्यासाठी कॉम्प्युटर असेंबल करतो. मशीन बिघडली की तीही आमच्याकडेच येते, आणि बिघाड शोधणं हे माझं काम.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका तरुणाची मशीन डिसेंबरात बनली होती. डीडीआर५ रॅम, ३२ जीबीच्या दोन स्टिक, बायोसमध्ये ६००० चं प्रोफाइल चालू. एप्रिलच्या शेवटापर्यंत तक्रार नाही. मग ब्लू स्क्रीन येऊ लागली, आणि दर वेळी कारण वेगळं. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी ड्रायव्हरशी संबंधित कोड, कधी फाइल सिस्टिम. मधेच ब्राउझर आपोआप बंद व्हायचा. झिप उघडताना फाइल खराब असल्याचा संदेश यायचा. तीच फाइल पुन्हा उघडली की नीट उघडायची. त्याने विंडोज नव्याने टाकून पाहिलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलून पाहिला. शेवटी मशीन घेऊन आला आणि म्हणाला, “ताई, दर वेळी नवीनच काहीतरी सांगते ना ही!”

त्याच्या या वाक्यात निदानाची अर्धी वाट होती. एकच कोड पुन्हा पुन्हा आला असता तर मी त्या कोडच्या मागे गेले असते. साक्ष दर वेळी बदलते तेव्हा साक्षीदाराकडे पाहावं लागतं. क्रॅशच्या वेळी विंडोज जो अहवाल डिस्कवर लिहितं, तोही त्याच रॅममधून उचललेला असतो. रोगी डोळ्याला आकाशात दोन चंद्र दिसतात, हे आपल्या शास्त्रकारांचं आवडतं उदाहरण. दुसऱ्या चंद्राचं आकारमान मोजत बसण्यात अर्थ नाही.

मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी २००५ साली असाच एक अनुभव लिहिला आहे. क्रॅशचे अहवाल चाळताना त्यांना असे क्रॅश आढळले, की ते ज्या आज्ञेवर झाले ती प्रोसेसरच्या आतल्या एका रजिस्टरमध्ये शून्य भरण्याची आज्ञा होती. ही आज्ञा मेमरीला स्पर्शही करत नाही. तिच्यात चुकायला जागाच नाही. चौकशी केल्यावर त्यांतल्या कित्येक मशीन ओव्हरक्लॉक केलेल्या निघाल्या. काही मालकांना तर याची कल्पनाच नव्हती, विकणाऱ्यानेच वेग वाढवून दिला होता. तिथे प्रश्न प्रोसेसरच्या वेगाचा होता, रॅमच्या नाही. पण शिकवण तीच. अशक्य गोष्ट घडल्याचा अहवाल आला, तर तो अहवाल ज्या हातांनी लिहिला ते हात तपासावेत.

इथे ६००० या आकड्याबद्दल सांगायला हवं, कारण पुष्कळ जण त्याला ओव्हरक्लॉक समजतच नाहीत. रॅमच्या खोक्यावर तो छापलेला असतो, बायोसमध्ये एक पर्याय चालू केला की लागू होतो. इंटेलच्या नावाने याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या नावाने एक्स्पो. पण त्या स्टिकचा मूळ, प्रमाणित वेग ४८००, तोही १.१ व्होल्टवर. ६००० साठी या प्रोफाइलने व्होल्टेज १.३५ केलं होतं. रॅमला चालवणारा कंट्रोलर तर प्रोसेसरमध्ये असतो, आणि त्या प्रोसेसरच्या कागदावर हमी ५२०० ची होती. म्हणजे खोक्यावरचा आकडा खोटा नाही. तो पाळण्याची जबाबदारी मात्र अशा एका भागावर आहे, ज्याने तसं वचन दिलेलंच नाही.

मेमरी टेस्ट आधी आमच्याकडे झाली, रिवाजाप्रमाणे. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६, चारही पास, चुका शून्य. भाऊ म्हणाला, “ताई, चार पास झाले, देऊन टाकू.” मी त्याला विचारलं, घट असता तर दिसला असता का?

कॅबिनेटचं झाकण उघडं होतं. दुकानात एसी चालू होता. पेन ड्राइव्हवरून टेस्ट चालते तेव्हा ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलेलं असतं. त्या तरुणाच्या घरी मात्र मशीन वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत होती, आणि एडिटिंग करताना ग्राफिक्स कार्डची सगळी झळ थेट रॅमच्या स्टिकवर जात होती. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून डीडीआर५ मध्ये प्रत्येक ओळ सर्वसाधारणपणे ३२ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरली जाते. तापमान वाढलं की गळती वाढते. ८५ अंशांच्या वर ही मुदत निम्म्यावर आणावी, असं मानकातच आहे. आमच्या स्टिक तेवढ्या तापत नव्हत्या. पण प्रोफाइलने वेग वाढवला की प्रत्येक कामाला मिळणारी सवड कमी होते, आणि उष्णता तीच सवड दुसऱ्या बाजूने खाते. डीडीआर५ च्या चिपमध्ये एका बिटाची चूक आतल्या आत दुरुस्त करण्याची सोय असते खरी. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिच्या कक्षेत येत नाही.

मी झाकण लावलं, एसी बंद केला, विंडोजमध्ये वाय-क्रंचर हा ताण देणारा प्रोग्राम चालवला आणि सोबत ग्राफिक्स कार्डवर भार टाकला. स्टिकवरच्या सेन्सरचा आकडा साठीकडे सरकला, आणि चूक सापडली. मग फक्त प्रोफाइल बंद केलं, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. चूक नाही. पुन्हा चालू केलं, पुन्हा चूक. आमच्या पुस्तकांत याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: हे असताना ते, हे नसताना ते नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा प्राण. व्होल्टेज, टायमिंग आणि बायोस एकाच दमात बदलणाऱ्याची मशीन चालू लागते, पण कशामुळे चालू लागली हे त्याला कधीच सांगता येत नाही.

डिसेंबरातला अनुभव मग खोटा होता का? नाही. न्यायशास्त्रात उपाधीची चर्चा आहे. जिथे अग्नी तिथे धूर, असं कोणी म्हटलं तर नैयायिक म्हणतो, थांबा, इंधन ओलं असेल तरच. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ‘६००० वर मशीन चालते’ या नियमात नागपूरचा हिवाळा अशीच न दिसता बसलेली अट होता. वैशाखाने ती उघडी पाडली.

आता त्याहून मूळ वाद: झालेलं ज्ञान खरं मानायचं कधी? कुमारिलांचं म्हणणं असं, की ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. प्रत्येक ज्ञान खरं ठरवायला दुसरं ज्ञान आणि त्याला तिसरं, असं केलं तर अंतच नाही. ज्ञान रद्द होतं ते दोनच मार्गांनी: उलट सांगणारं ज्ञान आलं तर, किंवा ज्या साधनाने ते झालं त्यातला दोष कळला तर. आणि तपासाला त्यांनी मर्यादाही घातली आहे. तीन-चार ज्ञानांपलीकडे जायचं कारण नाही, असं श्लोकवार्तिकात ते सांगतात. मेमटेस्टच्या मोफत आवृत्तीत चारच पास मिळतात, आणि ते झाले की माझा भाऊ थांबतो. ग्रंथ न वाचताही तो या बाबतीत कुमारिलांच्या बाजूचा आहे. नैयायिक उलट सांगतात: ज्ञान खरं आहे हे बाहेरून कळतं, त्यावर विसंबून केलेलं काम सफल झालं म्हणजे.

मी बराच काळ कुमारिलांकडे झुकलेली होते, आणि साध्या मशीनबाबत आजही आहे. प्रमाणित वेगावर चालणाऱ्या रॅमवर संशय घेत बसू नये. तक्रार आली तर पाहावं. पण प्रोफाइल चालू केलं, त्या क्षणी साधनात दोषाची शक्यता आपण जाणूनबुजून आणली. कुमारिलांच्याच दुसऱ्या मार्गाने, सहज मिळणारा विश्वास तिथे संपतो. तिथून पुढे तो कमवावा लागतो. वेग वाढवण्यात पाप नाही. पण वेग वाढवून पुन्हा पहिल्यासारखा बिनघोर विश्वास मागणं, हे मला पटत नाही.

यातली खरी भीती क्रॅशची नाहीच. ब्लू स्क्रीन मला कृपेसारखी वाटते. उलट सांगणारं ज्ञान तिच्या रूपाने समोर येऊन उभं राहतं. क्रॅश न होता जो बिट उलटला, त्याचं काय? लग्नाचं फुटेज कार्डावरून डिस्कवर येताना रॅममधून येतं. तिथून बॅकअपवर जातानाही. एखादा बिट उलटा झाला तर चुकीचीच प्रत इमानेइतबारे जपली जाते, आणि कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसलं जातं. त्या मांडवात अक्षता टाकणारी आजी पुढच्या वर्षी नसेल. तिच्या चेहऱ्यावरून हिरवी रेघ सरकली, तर ती काढायला दुसरी प्रत कुठेच नाही. दुसऱ्याचं असं काही हातातून जात असेल, तर संशय थोडा लांबवणं हा मला धर्म वाटतो.

किती लांबवायचा, याला नैयायिक उदयनांनी उत्तर दिलं आहे: तुमच्या स्वतःच्याच वागण्याशी विरोध येईपर्यंत. भूक भागेल की नाही असा संशय घेत जेवायला बसणारा माणूस आपल्याच कृतीने संशय खोडतो. पुढे वेदान्ती श्रीहर्षांनी हेच वचन उलटं करून नैयायिकांवर टाकलं: विरोध येतो म्हणता, तर त्या विरोधाच्या पोटातच संशय आहे, मग तो थांबला कुठे? तत्त्व म्हणून श्रीहर्षांना उत्तर देणं मला जमत नाही. दुकानात मात्र मशीन कधीतरी परत द्यावीच लागते.

त्या तरुणाला मी ५२०० वर मशीन दिली. त्याच्या एक्स्पोर्टचं बहुतेक काम ग्राफिक्स कार्डच करतं, त्यामुळे वेळेत फरक जाणवण्याइतका पडला नाही. बॅकअप घेताना दोन्ही प्रतींचे चेकसम जुळवायला त्याला शिकवलं. मशीन बरी झाली का, असं त्याने विचारलं तेव्हा मी बिलामागे लिहून दिलं: या सेटिंगवर, झाकण बंद, एसी बंद, ग्राफिक्सवर पूर्ण भार असताना चूक सापडली नाही.

भावाशी माझा वाद अजून चालू आहे. उन्हाळ्यात बनणाऱ्या मशीन आता दुपारीच तपासायच्या, हे त्याने मान्य केलं. थंडीत बनणाऱ्या मशीनचं काय, यावर आमचं जमत नाही. माझं म्हणणं, ज्याला ६००० हवंच आहे त्याच्या मशीनचे पंखे मंद करून कॅबिनेटमध्ये मे महिना तयार करावा. तो म्हणतो, कुठल्या गिऱ्हाइकाला यासाठी दोन दिवस जास्त थांबवणार?