इकडील सर्व क्षेम

मनुष्याच्या रोजच्या सुखदुःखाला किती जागा पुरते, या प्रश्नाचे नेमके उत्तर तत्त्वज्ञांपेक्षा टपालखात्यानेच अधिक धीटपणे दिले आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. लांबी १४ सेंटिमीटर, रुंदी ९ सेंटिमीटर, आणि त्यातलीही एका बाजूची अर्धी जागा पत्त्यासाठी राखलेली. १८६९ च्या आरंभी एमान्युएल हेरमान नावाच्या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्रात लेख लिहून असे सुचवले की, बहुतेक पत्रांतला मजकूर एवढा अल्प असतो की त्याच्यासाठी कागद, लिफाफा आणि लांबलचक शिष्टाचार यांचा खर्च करण्याचे कारण नाही. आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातले पहिले पोस्टकार्ड विक्रीला आले. सुशिक्षितांना त्याची थोडी भीतीच वाटली, कारण उघडे पत्र नोकरचाकरही वाचणार. आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून ते पाव आण्याला मिळू लागले, तेव्हा मात्र हा उघडेपणा दोष न राहता सोयीचा झाला; अक्षरओळख नसलेल्या घरी पोस्टमनच ते ओसरीवर उभा राहून वाचून दाखवू लागला आणि मुंबईच्या मुलाची खुशाली आईच्या बरोबरीने शेजारणीलाही कळू लागली. प्रेमाला आणि दुःखाला आडोसा लागतो. खुशालीला तो लागत नाही, उलट चार कानांवर पडल्यावाचून तिला आपण खरी आहोत असे वाटतच नसावे.

जुन्या पोस्टकार्डांचा नाद मला लागला तो पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात. तिथे पितळी कुलपे, मोडकी घड्याळे आणि कुणाचे तरी सासरी आलेले तांब्याचे घंगाळ यांच्या शेजारी सुतळीने बांधलेले कार्डांचे गठ्ठे पडलेले असतात आणि विकणारा ते तिकिटांच्या हिशेबाने विकतो, मजकुराच्या नव्हे. बहुतेक कार्डांच्या मध्यभागी एक भोक असते. वाचून झालेले पत्र आकडा वळवलेल्या तारेला ओवून ठेवायची घराघरांतली जुनी रीत त्या भोकातून अजून डोकावते; नेमका एखादा शब्द त्या तारेने खाल्लेला असतो आणि तो आपल्याला अंदाजाने भरून घ्यावा लागतो. शाई तपकिरी झालेली, शिक्क्याची तारीख अर्धीच उमटलेली, आणि मजकूर असा की इतिहासकाराने हाती धरून खाली ठेवून द्यावा. आंब्याची पेटी पोचली, चार डागी निघाले, बाकी उत्तम. विहिरीला पाणी लागले. धाकट्याला दात आला. गाडीत बसायला जागा मिळाली. पोचल्यावर कार्ड टाक, असे निरोप देताना कुणीतरी बजावलेले असते आणि हे त्या आज्ञेचे पालन असते, एवढेच. हे सर्व वाचणारा मी त्या घराचा कुणीच नसतो, आणि तरी दुसऱ्याचे पत्र वाचल्याची अपराधी भावना मला फारशी शिवत नाही. ज्या मजकुराने पोस्टमनचा संकोच धरला नाही तो माझा काय धरणार? फार तर मी त्या ओसरीवर पन्नास-साठ वर्षे उशिरा येऊन बसलेला एक शेजारी.

या कार्डांची भाषा बहुतांशी ठरलेली असते. ती. अमुक यांच्या चरणी शि. सा. न. वि. वि., इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे, मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, कळावे, लोभ असावा. आधुनिक मनाला असल्या साच्याची अढी असते. भावना खरी असेल तर शब्दही स्वतःचे असावेत असे आपल्याला शिकवले गेले आहे. पण मला अशा वेळी चांगदेवांची गोष्ट आठवते. परंपरा सांगते की ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसलेल्या त्या वयोवृद्ध योग्याला मायना सुचेना. वयाने धाकट्याला नमस्कार लिहावा तर कसा, आणि ज्ञानाने थोर असलेल्याला आशीर्वाद द्यावा तर कसा? अखेर त्याने कागद कोराच पाठवला, आणि त्या कोरेपणाला उत्तर म्हणून मराठीला पासष्ट ओव्यांचा एक प्रकाशमय ग्रंथ मिळाला. सामान्य माणसाला कोरा कागद पाठवण्याची चैन परवडत नाही आणि त्याच्या कोऱ्या कागदाला कुणी ओव्यांनी उत्तरही देत नाही. त्याला साचा हवा असतो, म्हणजे पहिल्या पायरीवरच पाय अडत नाही. शेकडो कार्डांवर तेच ते शब्द वाचताना हळूहळू ध्यानात येते की खरी भावना शब्दांच्या निवडीत नाहीच. ती आहे समासात उभ्या कोंबलेल्या ओळीत, जागा संपल्यावर पत्त्याच्या हद्दीत घुसलेल्या ता. क. मध्ये, क्षेमाच्या शेवटी जरा जास्त दाबलेल्या टाकात.

काही वर्षांपूर्वी, २००२ मध्ये, आपल्या टपालखात्याने पत्त्याच्या बाजूवर जाहिरात छापलेले एक स्वस्त कार्ड काढले, पंचवीस पैशांचे, आणि त्याचे नाव ठेवले मेघदूत. त्या नावाकडे मी प्रथम केवळ सरकारी हौस म्हणून पाहिले. पण मन त्याच्याभोवती रेंगाळू लागले. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर, म्हणजे परंपरेने आपल्या नागपूरजवळच्या रामटेकावर, एका वर्षाचा वियोग भोगत बसला आहे आणि मेघाला निरोप सांगतो आहे. पण निरोपाला तो किती उशिरा हात घालतो! आधी वाट सांगतो: कुठल्या डोंगरावर विसावायचे, रेवा कशी दिसेल, वेत्रवतीचे पाणी कसे प्यायचे, वाकडी वाट करावी लागली तरी उज्जयिनी का चुकवायची नाही. मग अलका येते, घर येते, दारातला मंदारवृक्ष येतो, विरहाने कृश झालेली पत्नी येते, आणि अगदी अखेरच्या थोड्या श्लोकांत निरोप येतो. त्याचा आरंभ काय? तुझा सखा रामगिरीच्या आश्रमात जिवंत आहे आणि तुझी खुशाली विचारतो आहे. म्हणजे इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे! संस्कृत काव्याच्या त्या शिखरावरचा शब्द आणि तारेला टोचलेल्या माझ्या कार्डावरचा शब्द एकच निघावा, याचे मला आधी हसू आले आणि मग त्या हसण्याचीच थोडी लाज वाटली. निरोप सर्वांचा सारखाच असतो; वेगळी असते ती वाट, आणि ज्याच्यापाशी सांगायला वाट आहे त्याने निरोप लहान ठेवला तरी चालतो.

चित्रांच्या कार्डांचे रहस्य मला यातच सापडते. ती वाटेचा मोठा तुकडा पाठवतात आणि निरोपासाठी थोडी जागा ठेवतात. आरंभी तर तेवढीही नव्हती. मागची सबंध बाजू पत्त्याची असे, म्हणून लोक चित्रावरच लिहीत, बंदराच्या वरच्या आकाशात, मनोऱ्याच्या कडेला, बोटीच्या शिडाखाली. १९०२ मध्ये ब्रिटनने मागची बाजू दुभागण्याची परवानगी दिली, इतर देशांनी हळूहळू तेच केले आणि आकाश मोकळे झाले. तरी ज्या कार्डांवर क्षितिजाच्या वर कुणाच्या सर्दीपडशाचे वर्तमान पसरले आहे ती मला अधिक प्रिय आहेत. त्याच सुमारास जे. जे. कलाशाळेतले आपले चित्रकार धुरंधर पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंगांचे भव्य पट रंगवत असतानाच पोस्टकार्डांसाठी मुंबईच्या रस्त्यावरची माणसेही काढीत होते, किंचित मिश्कील आणि पुष्कळशा ममतेने. पट संग्रहालयांत गेले. माणसे पाव-अर्ध्या आण्यात गावोगाव फिरली. अमेरिकेतला थोर छायाचित्रकार वॉकर इव्हान्स लहानपणापासून पोस्टकार्डे जमवीत असे आणि १९७५ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्यापाशी सुमारे नऊ हजार कार्डे होती; आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्याला देखण्या दृश्यांचे अगत्य नव्हते. गावाचा हमरस्ता, रेल्वेस्टेशन, कारखान्याचे फाटक असे जे जसे आहे तसे टिपणाऱ्या कुणा अनामिकाच्या सरळ दृष्टीपासून तो स्वतःची दृष्टी घडवीत होता. कलेच्या इतिहासात गुरूंची नावे असतात. ज्यांनी गुरू घडवला त्या अनामिकांची नसतात.

पण संग्रहाच्या या प्रसन्नतेवर मला एक शंका घ्यावीशी वाटते. माझ्या गठ्ठ्यांत एवढी खुशाली कशी? त्या काळी माणसे मरत नव्हती की काय? उत्तर आपल्याच चालीरीतीत आहे. मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. तो पाहताच घरातल्या कर्त्या माणसाचा चेहरा उतरे, आणि असे कार्ड घरात ठेवायचे नाही म्हणून ते वाचताक्षणी फाडून टाकले जाई. ते तारेला कधी लागलेच नाही. जे लागले ते लग्न ठरल्याचे, बाळंतपण सुखरूप पार पडल्याचे, कडेला हळदकुंकवाची बोटे उमटलेले. म्हणजे माझ्या हाती आलेला भूतकाळ आधीच कुणीतरी निवडून, पाखडून ठेवलेला आहे. आणि तरी, तो गठ्ठा बाजारात आला कसा? कधीतरी एक शेवटचे, कोपरा फाटलेले कार्ड त्या घरातून बाहेर गेले असेल, वाडा पाडायला काढला असेल, वाटण्या झाल्या असतील, आणि तारेसकट ती पत्रे रद्दीत गेली असतील. संग्रहात जे कार्ड नाही, त्याच्याचमुळे बाकीची सगळी माझ्यापर्यंत आली आहेत. लहान आनंदांविषयी आपण बोलतो ते पुष्कळदा असे, की जणू ते दुःखाच्या वाटेला न गेलेल्या लोकांची करमणूक असावी. मला या गठ्ठ्यांनी वेगळे सांगितले. आंब्याच्या पेटीची पोच देणाऱ्याला कोपरा फाटलेली कार्डे माहीत होती, कदाचित मागच्याच महिन्यात त्याने एक फाडलेही असेल; आणि तरी चार डागी निघाले, बाकी उत्तम, हे कळवण्याजोगे आहे असे त्याला वाटले. या वाटण्यात मला एक मोठे, न गाजलेले धैर्य दिसते.

या अपरिचितांचे ऋण फेडायचे कसे? आपल्या परंपरेने ऋणाचा एक विलक्षण विचार केला आहे: पितरांचे ऋण पितरांना परत करता येत नाही, ते पुढच्या पिढीला वाढवूनच फिटते, ऋषींचे ऋण अध्ययनाने, अध्यापनाने, म्हणजे पुन्हा तिसऱ्याच कुणाला देऊन. याच न्यायाने चाललेला एक उद्योग आज जगभर आहे. २००५ मध्ये पोर्तुगालमधल्या एका विद्यार्थ्याने पोस्टक्रॉसिंग या नावाने तो सुरू केला. आपण एका अनोळखी पत्त्यावर कार्ड पाठवायचे, ते पोचल्याची नोंद झाली की आपला पत्ता आणखी कुणा अनोळखी माणसाच्या हाती पडतो आणि तिकडून आपल्याला कार्ड येते. ज्याला द्यावे त्याच्याकडून घ्यायचे नाही, आणि ज्याच्याकडून घ्यावे त्याला द्यायचे नाही. देवघेवीतला हिशेब त्यामुळे आपोआप गळून पडतो. फिनलंडमधल्या कुणी बाईने मला कळवले होते की यंदाचा बर्फ वितळला आणि आज प्रथमच तिने सज्जात बसून कॉफी घेतली. तिला माझ्याविषयी काहीच माहीत नव्हते, तरी तिकडील क्षेम मला कळले. मी माझे क्षेम तैवानमधल्या कुणा शिक्षकाला कळवले.

आता मीही कार्डे टाकतो, आणि जमवण्याहून टाकण्यातच अधिक काही घडते असा अनुभव आहे. कार्ड समोर ठेवले की आधी काही सुचत नाही, कारण दिवस नेहमीसारखाच गेलेला असतो. मग त्या दिवसाकडे पुन्हा वळावे लागते, आणि तो जरा निराळा दिसू लागतो. भाजीवालीने न मागता पिशवीत टाकलेला कढीपत्ता. बसमध्ये खिडकीजवळची जागा आणि समोरच्या बाकावर चिंचा मोजून वाटून घेणाऱ्या दोन शाळकरी मुली. पावसाळ्यात फुगलेले आणि आज एकाएकी अलगद लागलेले दार. हे सारे घडले तेव्हा मी तिथेच होतो, पण ते घडले हे मला कार्ड लिहिताना कळले. आनंद आधी होतो आणि मग तो सांगितला जातो, हा क्रम एवढा स्वाभाविक वाटतो की त्याविषयी कुणी संशय घेत नाही. पण सांगायला कुणी असेल तरच तो पुष्कळदा लक्षात येतो, एरवी आपल्या अंगावरून निघून जातो. यक्षाला एवढ्या दूरची वाट नदीनदीसकट आठवली, कारण ती ऐकणारे कुणी होते आणि तिच्या टोकाला वाट पाहणारे कुणी होते. एकट्या माणसाने आपल्याच वहीत टिपून ठेवलेल्या सुखांविषयी मला आदर आहे. परंतु दुसऱ्याचे क्षेम विचारल्यावाचून स्वतःचे क्षेम पुरे लिहून होत नाही, हे त्या ठरलेल्या मायन्याला आपल्याआधी ठाऊक होते, आणि म्हणूनच त्याने दोन्ही एकाच ओळीत बसवले असावे.