चवथीला एसटीनं या

बाजारकुणंग, ता. जोयडा

चि. सौ. मृणाल हिस,


चवथीला दोन्ही मुलांना घेऊन मोटारीनं येणार आहात असं तुझ्या आईकडून कळलं. जावईबापू स्वतः चालवणार आणि एका दिवसात पुण्याहून इथपर्यंत पोचणार, असा बेत आहे म्हणे. कसेही आलात तरी घर तुमचंच आहे. पण माझं ऐकशील तर मोटार पुण्यातच ठेवा आणि एसटीनं या. दिवसाउजेडी निघा, रात्री बेळगावला मुक्काम करा, मग पुढचा टप्पा. पैसे वाचावेत म्हणून हे सांगत नाही. वाचतील ते वेगळंच. 17 मार्च 2023 पासून महाराष्ट्रात एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे राज्याच्या हद्दीपर्यंत तुला सवलत मिळेल. मला वाटतं ते इतकंच की मुलांना हा रस्ता दिसावा.

मोटारीत बसलेल्या माणसाला पुलाचा कठडा आडवा येतो. पूल आल्याचं कळतं, नदी काही दिसत नाही. आणि जो चालवतो त्याला तर मान वळवायचीही सोय नसते. एसटीची खिडकी उंच, तिच्यातून सरळ पात्र दिसतं. भाद्रपदात या नद्या भरलेल्या असतात. मुलांच्या हातात वही दे आणि नावं लिहायला सांग. शिरवळच्या अलीकडे नीरा, भुईंजजवळ कृष्णा, कराडला कोयना, पुढे वारणा, शिरोलीला पंचगंगा, कागलपाशी दूधगंगा, निपाणीच्या अलीकडे वेदगंगा, संकेश्वरला हिरण्यकेशी. दुसऱ्या दिवशी खानापूरला मलप्रभा. कृष्णा सोडली तर यांतली प्रत्येक नदी शेवटी तिलाच मिळते. नीरा भीमेतून जाते, मलप्रभा थेट कूडलसंगमला. म्हणजे हे सगळं पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे चाललेलं असतं. आणि लोंढा मागं टाकून आपल्या मुलखात शिरलात की पाण्याची दिशाच बदलते. काळी नदी आपल्याच तालुक्यात, डिग्गीच्या रानात उगम पावते आणि कारवारजवळ सदाशिवगडाच्या पायथ्याशी अरबी समुद्राला मिळते. सह्याद्री पाण्याची वाटणी करतो हे मुलं शाळेत पाठ करतात. इथं ती वाटणी त्यांना स्वतः ओलांडता येईल. त्या वेळी तू त्यांच्या शेजारी मोकळ्या हातांनी बसलेली असावीस, बोट दाखवून सांगता यावं, हीच माझी इच्छा.

रामनगरला गाडी थांबली की मुलांना आणखी एक गोष्ट सांग. आपल्या तालुक्याचं ठाणं पूर्वी सुपे गावात होतं. काळीवर 101 मीटर उंचीचं धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला आल्या, उठवलेल्या कितीतरी कुटुंबांना रामनगरला वसवलं. गाडीत एखादे पांढऱ्या केसांचे आजोबा शेजारी बसले तर त्यांना सुप्याबद्दल विचारा. आमच्याकडची माणसं आपणहून बोलत नाहीत, पण विचारलं की आनंदानं सांगतात. मोटारीच्या बंद काचेआड हे कोण सांगणार?

आता सोयीच्या गोष्टी. स्वारगेटहून सकाळची गाडी धरा. मागच्या चाकावरची आणि त्यामागची बाकं घेऊ नका, तिथं खड्डा सगळ्यात जास्त लागतो. पुढच्या अर्ध्या भागात बसा. धाकट्याला गाडी लागते, तेव्हा त्याला निघताना पोटभर खाऊ घालू नकोस. आलेपाक जवळ ठेव आणि त्याला समोर लांबवर बघायला सांग, मोबाईल देऊ नकोस. गाडी जेवायला थांबली की खाली उतरण्याआधी तिचा नंबर वाचून ठेवा आणि किती वेळ थांबणार ते कंडक्टरला विचारा. सुटे पैसे वरच्या खिशात असू द्या. बेळगावपासून पुढे पाट्या कन्नडमध्ये असतात, त्याला घाबरू नकोस. खानापूर-रामनगर भागात मराठीत विचारलंस तर उत्तर मराठीत मिळतं. कर्नाटकात बायकांना जून 2023 पासून साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, पण तो इथल्या रहिवाशांना. तुझ्या आधारवर पुण्याचा पत्ता आहे, म्हणून तिकीट काढ. सामान बेतानं आणा. चवथीचं साहित्य इथं सगळं आहे, गणपतीवर टांगायच्या माटोळीला लागणारी रानफळं तर तुम्हांला पुण्यात मिळायचीच नाहीत.

शेवटचा टप्पा जंगलातला. गाडी सावकाश चालते, आणि मला तोच भाग सगळ्यांत आवडतो. तिच्यात शाळेचे मास्तर असतात, दवाखान्यातून परतणारं कुणी असतं, बाजार करून निघालेल्या कुणबी बाया असतात. कुणाच्या वाडीच्या वाटेशी गाडी थांबवायची हे कंडक्टरला न सांगता ठाऊक असतं. ओझं खाली उतरवून झाल्यावरच डबल बेल पडते. मृणाल, आमच्यासारख्या गावांना ही गाडी फार मोलाची आहे. माणसं बसली तरच फेरी चालू राहते. बाकं रिकामी दिसू लागली की फेरी कमी होते, आणि मग ज्याच्याकडे वाहन नाही त्याचा दवाखाना, कॉलेज, बाजार सगळंच लांब जातं. मुंबई-पुण्याहून सणाला येणाऱ्यांनी या गाडीत बसावं, असं मी सगळ्यांना सांगतो. तू तर घरची आहेस.

जावईबापूंना म्हणावं, दोन दिवस स्टिअरिंग न धरता झोप काढा, खिडकीतून बघा, मुलांशी गप्पा मारा. घरी दमून पोचलेला पाहुणा पहिला दिवस झोपेतच घालवतो.

पावसात इकडच्या गाड्यांच्या वेळा बदलतात. बेळगावहून निघण्याआधी मला फोन कर, त्या दिवशीची वेळ विचारून ठेवतो आणि थांब्यावर येतो. चवथीच्या आधी पुण्याहून सुटणाऱ्या गाड्या लवकर भरतात, तेव्हा आरक्षण याच आठवड्यात करून टाक.

तुझा,
मामा