आट्याची दोन भोकं

रत्नागिरीत मिऱ्याच्या रस्त्याला एका मेस्त्रींचं गॅरेज होतं. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे तिथे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं गंजाचंच असायचं. एका सकाळी एक निवृत्त गुरुजी गाडी घेऊन आले. पावसाळाभर ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती आणि आता ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरत होतं.

मेस्त्रींनी पुढचं चाक काढून डिस्कवरून नख फिरवलं. कडेला धार आली होती, मध्ये खड्डे पडले होते. "पुढच्या दोन्ही डिस्क बदलू," असं म्हणून ते नव्या डिस्क आणायला बाजारात गेले. काम बंड्याकडे सोपवलं.

बंड्या शिकाऊ पोर, पण हाताला वळण होतं. कॅलिपर खोलून त्याने तारेने वर टांगला, म्हणजे ब्रेकच्या पाइपावर भार येत नाही. ब्रॅकेटही काढला. आता डिस्क हाताने ओढली की यायला हवी होती. ती जागची हलेना.

"दुपारी मांडवी एक्सप्रेसने मुलगी येतेय, नातवाला घेऊन," गुरुजी म्हणाले. "तोवर होईल ना?"

"होईल की!" बंड्याने मोठा हातोडा उचलला आणि डिस्कच्या कडेवर मागून घाव घालायला सुरुवात केली. प्रत्येक घावाला जॅकवरची गाडी हादरत होती.

मेस्त्री परतले ते तो आवाज ऐकतच.

"बंड्या, या डिस्कचं पुढे काय करायचंय?"

"भंगारात टाकायची."

"आणि हब? आतलं बेअरिंग?"

"ती राहणार."

"मग तुझा मार खातंय कोण?"

बंड्याचा हात थांबला. डिस्क हबला धरून बसली होती, त्यामुळे प्रत्येक घाव हबमधून थेट बेअरिंगच्या गोट्यांवर जात होता. तिथे बारीकसा खळगा पडला तरी पुढे चाक घुमायला लागतं.

मेस्त्री खाली बसले. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या कितीतरी पट जागा घेतं. डिस्कचं मधलं भोक हबच्या खांद्यावर बसतं. तिथली केसाएवढी फट गंजाने ठासून भरली होती. "तोंडावरचा गंज घासून बघ जरा," ते म्हणाले.

तारेचा ब्रश फिरला तशी स्टडांच्या मधोमध दोन भोकं उघडी पडली. आत आटे. सगळ्या गाड्यांना ती नसतात, पण पुष्कळ गाड्यांना असतात. डिस्क कधीतरी अशी चिकटणार हे गाडी बनवणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने ती सोडवायची सोय आधीच करून ठेवली होती.

खांद्याभोवती आणि स्टडांपाशी गंज सोडवणारं तेल सोडून दोघं थांबले. गुरुजी घड्याळ बघत होते. मग मेस्त्रींनी एका स्टडवर नट दोन-चार आटे फिरवून ठेवला, डिस्क सुटून पायावर पडू नये म्हणून. भोकांत ८ मिलिमीटरचे बोल्ट लावले.

"पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. एकाच बाजूने ओढलीस तर तिरकी होऊन आणखी आवळेल."

बंड्या पाना फिरवत गेला. बोल्टांची टोकं हबवर टेकली, ताण आला. थोड्याच वेळात 'टक्' असा आवाज झाला आणि डिस्क सैल होऊन नटावर लटकली.

बंड्याने उत्साहाने नवी डिस्क उचलली. मेस्त्रींनी त्याचं बोट धरून हबच्या तोंडावरून फिरवलं. गंजाची खपली जागोजागी लागत होती. तिच्यावर नवी डिस्क बसवली तर ती किंचित तिरकी बसते. मध्ये कागदाएवढा फरक असला तरी कडेला तो वाढतो, डिस्क एका अंगाने झिजते आणि तीच थरथर परत येते. गिऱ्हाईक मग डिस्कला नावं ठेवतं. माझ्या मते या कामात खरी अक्कल इथे लागते, कारण घाई करणाऱ्याला काम संपल्यासारखं वाटतं ते नेमकं याच टप्प्यावर. एमरीने घासून स्वच्छ धातू दिसेपर्यंत जितका वेळ गेला, तितका डिस्क काढायलाही लागला नव्हता.

दुसऱ्या चाकाची डिस्क बंड्याने एकट्याने सोडवली. ती निघताच गुरुजी पुढे आले. "अरे, या बाजूचं घासायचं राहू दे. बसव नवी. गाडीची वेळ झाली."

मेस्त्री काहीच बोलले नाहीत.

"गुरुजी, तुम्ही रिक्षाने जा स्टेशनवर," एमरी हबवर फिरवत बंड्या म्हणाला, "गाडी संध्याकाळी मी घरी आणून देतो."