गोचीड उतरते कुठं, ते बघ

नार्नूर, जि. आदिलाबाद

चि. सुमेध,

तुझं पत्र मिळालं. सगळ्याच गोचिडी रक्त पितात, मग प्रयोगशाळेत एकेक जात वेगळी पाळून दिवस कशाला मोजायचे, असं तू विचारतोस.

अंड्यातून सहा पायांचा लार्वा, कात टाकून आठ पायांचा निम्फ, मग प्रौढ. इथवर सगळ्यांचं सारखं. फरक आहे तो कात टाकायला कोण कुठं उतरते यात. गाईबैलांवरची रिपिसेफॅलस मायक्रोप्लस लार्वा असताना चढते ती साधारण तीन आठवड्यांनी फुगलेली मादी होऊनच खाली पडते. हायलोमा अनाटोलिकम मधेच उतरून गोठ्याच्या भेगांत कात टाकते आणि पुन्हा जनावर शोधते. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा लहानपणी उंदीर, पाखरं, माकडं धरते, मोठेपणी गुरं. 1957 साली शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात हिच्यामार्फत पसरणारा माकडताप आला, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला या जातीचं आयुष्य मुळापासून तपासावं लागलं. पुढं तोच ताप सिंधुदुर्गात दोडामार्गापर्यंत आला.

तुलना करताना भरलेली मादी आधी तोलायची. मग काचनळीत ठेवून तापमान सगळ्यांना एकच द्यायचं. ओलावा मिठाच्या संपृक्त द्रावणावर स्थिर राखायचा. पहिलं अंडं कधी आलं, मादीच्या वजनातलं किती अंड्यांत गेलं, लार्वा कधी निघाले, हे लिहीत जायचं. निम्म्याच्या आसपास वजन अंड्यांतच जातं.

एवढ्यानं भागत नाही. हायलोमा सशावर वाढवली तर लार्वा आणि निम्फ या दोन्ही अवस्था ती त्याच सशावर उरकू शकते. म्हणजे एरवी तीन यजमान जनावरं लागणारी गोचीड दोघांवर निभावते. म्हणून एका जातीला वासरू आणि दुसरीला ससा दिलास, तर फरक जातीचा की जनावराचा, हे सांगता येणार नाही.

आपल्याकडच्या गोठ्यांना हे हिशेब थेट लागू पडतात. मायक्रोप्लस असेल तर औषध जनावराच्या अंगावर, आणि तीन आठवडे भरायच्या आत पुन्हा. हायलोमा असेल तर भिंतींच्या भेगा बुजवल्याशिवाय नुसती फवारणी वाया. जंगलातल्या जातीला गोठा झाडून काहीच फरक पडत नाही.

तुमच्याकडे कोणती जात कोणत्या जनावरावर पाळतात, ते नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिही आणि मलाही कळव.

तुझे आजोबा